दर तुझा, बाजू माझी

"आपल्या आपल्यात कसला हिशेब?" असं म्हणणारा माणूस नेहमी घेणाऱ्या बाजूचा असतो. देणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. ऐकलं तर त्याचे पाय धरीन.

थोरलीने हे वाक्य धाकटीच्या शहरातल्या सलूनमध्ये उभं राहून म्हटलं. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या देखत. पायात गोठ्यातले बूट, आणि बुटांना जे लागलेलं असतं ते नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. धाकटीचे दोन्ही हात एका बाईच्या डोक्यातल्या फेसात बुडालेले होते. तिने बुटांकडे पाहिलं, मग आरशातून बहिणीकडे पाहिलं.

"हिशेब नको तर आलीस कशाला, ताई? फोनवर सांगायचं, कुरण मला फुकट हवंय म्हणून."

"फुकट कुठे म्हणतेय मी? दर सांगायलाच आलेय. बाबांच्या नियमाने."

आता बाबांचा नियम सांगतो. या दोघींचा बाप हिवाळ्यात गेला आणि डोंगराच्या उतारावरचं कुरण दोघींना अर्धं अर्धं ठेवून गेला. कुरणाचे दोन तुकडे करता येत नाहीत. पाण्याचा हौद खालच्या अंगाला, चांगलं गवत वरच्या अंगाला. मधोमध तार ओढली तर एकीच्या गाई तहानेने मरतील आणि दुसरीच्या पाणी पिऊन पोट भरतील. तेव्हा मोसमभर कुरण एकीनेच वापरायचं आणि दुसरीला भाडं द्यायचं, एवढंच शक्य होतं.

भाडं किती, हा प्रश्न बापाने त्या लहान असतानाच सोडवून ठेवला होता. घरात एकच वस्तू आणि भांडणाऱ्या दोघी असल्या की तो म्हणायचा, एकीने दर सांगायचा, दुसरीने बाजू घ्यायची. एकच सायकल होती. थोरली म्हणाली, सायकल ठेवणारीने दुसरीचं महिनाभर अंथरूण घालायचं. धाकटीने लगेच अंथरूण घालून घेतलं आणि सायकल थोरलीच्या गळ्यात पडली. बाप काही ऋषी नव्हता. त्याला दुपारची झोप हवी असायची, आणि कोणाचं बरोबर हे ठरवत बसण्याचा त्याला कंटाळा होता. पण जगातले बरेच चांगले कायदे कंटाळलेल्या माणसांनीच केले असावेत. न्याय करायची हौस असलेल्या माणसांचे कायदे आपण भोगतोच आहोत.

थोरली घसा साफ करून म्हणाली, "गाईमागे महिन्याला बारा लिटर."

त्या भागात चराईचा दर दुधातच सांगतात. बारा लिटर म्हणजे बारा लिटर दुधाची त्या दिवशीची किंमत. त्यातला अर्धा वाटा कुरण वापरणारीने दुसरीला द्यायचा, कारण अर्धं कुरण तिचं स्वतःचंच.

फेसाखालच्या बाईने एक डोळा उघडला. तिचा कुरणाशी संबंध नव्हता, पण बारा हा आकडा ऐकून तिच्याही कपाळाला आठी पडली.

"बारा?" धाकटी म्हणाली.

"बारा."

"दाढीवाला वरच्या डोंगराचे चाळीस देतो म्हणतात."

"तो परका आहे. आपण बहिणी आहोत."

थोरलीचं गणित सरळ होतं. धाकटीकडे काय आहे? दोन खुर्च्या, तीन ड्रायर आणि एक मांजर. ती कुरण घेऊन काय ड्रायर चारणार? मग दर कितीही खाली सांगितला तरी तिला भाडं घेणारीचीच बाजू घ्यावी लागणार. बाजू एकच उरली की दर आपल्या हातात. थोरलीला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की बाहेर उभ्या व्हॅनमध्ये नवऱ्याला तिने ते आधीच सांगून टाकलं होतं.

धाकटीने नळ सोडला. बाईच्या डोक्यावरचा फेस धुतला, टॉवेल गुंडाळला, स्वतःचे हात पुसले.

"बरं. मग कुरण मी घेतलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दर तुझा, बाजू माझी. मी वापरणार. बारातले सहा लिटर गाईमागे तुला मिळतील. महिन्याच्या महिन्याला घेऊन जा."

"तुझ्याकडे गाई कुठायत?"

"ती माझी डोकेदुखी आहे. स्वस्तात मिळालंय, बघते काय करायचं ते. आणि जाताना बूट बाहेर झटक गं, मघाशीच पुसलंय."

टॉवेलातली बाई खदखदून हसली. थोरलीला सगळ्यात जास्त ते हसणं लागलं.

*

घरी गोठ्यात सुकी वैरण आठ-दहा दिवसांची उरली होती. दरवर्षी याच सुमाराला गाई कुरणावर जायच्या. वैरण संपत यायची, तिकडे गवत गुडघ्याला आलेलं असायचं. या वर्षीही आलं होतं. फक्त आता त्या गवतावर गाई सोडायच्या तर धाकटीची परवानगी लागणार होती.

"तुझीच जीभ," दाजी म्हणाला. धाकटी त्याला दाजी म्हणते म्हणून सगळं गावच दाजी म्हणतं. तो दुधाची व्हॅन चालवतो आणि बायकोला घाबरतो, निदान तसं दाखवतो. "वीस म्हणाली असतीस तर पोरगी गप बसली असती."

"तेव्हा व्हॅनमध्ये 'वा वा' कोण करत होतं?"

"मी गाडी चालवत होतो. गाडी चालवताना मी सगळ्यालाच वा वा म्हणतो."

वैरणीच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याने असा भाव सांगितला की थोरलीने विचारलं, गवत विकताय की गालिचा? तिसऱ्याच दिवशी जनावरांचा दलाल फाटकाशी येऊन उभा राहिला. याला कोण सांगतं कळत नाही. गिधाडसुद्धा जनावर मरायची वाट बघतं, दलाल तेवढीही कळ काढत नाही. "चार-पाच काढून टाका वहिनी, भार हलका होईल," असं म्हणत त्याने कडेच्या गाईच्या पाठीवर हात फिरवला. ती होती मास्तरीण. सगळ्या गाई तिच्या मागे चालतात, ती थांबली की थांबतात. थोरलीने दलालाचा हात पाठीवरून उचलून बाजूला केला. काही बोलली नाही. बोलली असती तर वाईट बोलली असती आणि पुढे खरंच विकायची वेळ आली असती तर भाव पडला असता. राग गिळावा लागणं ही गरिबीची पहिली खूण. उपाशी राहणं फार पुढचं.

चार गाई गेल्या तर दूध कमी, दूध कमी तर डेअरी तिच्या दारात टँकर आणणार नाही, टँकर नाही तर उरलेल्या गाईंचं दूध न्यायचं कुठे? चार गाईंच्या मागोमाग सगळा गोठा जातो. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

तिकडे सलूनमध्ये दाढीवाला येऊन बसला. हा मेंढ्या पाळतो. त्याची दाढी छातीपर्यंत, आणि ती कापायला तो वर्षातून एकदाही येत नाही. तो बोलणी करायला आला होता.

"ऐकलं, कुरण तुमच्याकडे आलंय," तो म्हणाला. "चाळीस देतो. मेंढ्यांचा हिशेब गाईत करून. रोख."

धाकटीने मनात वजाबाकी केली. चाळीस यायचे, बहिणीला सहा जायचे. हातात वस्तरा नसता तर तिने टाळी वाजवली असती. बहिणीने बाराचा दर तोंडावर फेकला होता तो आता पैसे होऊन परत येत होता. असा सूड कोणाच्या नशिबात असतो?

पण ती कारागीर होती. आणि कारागीर माणसाची एक वाईट सवय असते, पैशाआधी त्याला काम दिसतं.

"मोसम संपल्यावर गवत किती उंच ठेवता तुम्ही?"

"ठेवायचं कशाला?" दाढीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "गवताचे पैसे मोजतो. सगळं गवत आपलं. मेंढी कशी चावते माहितीये? मुळाशी. काडी शिल्लक राहत नाही. एकदम साफ."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुसरा डोंगर."

वीस वर्षं धाकटी लोकांची डोकी हाताळते. मुळापासून ओढून ओढून विरळ झालेले केस तिने पाहिलेत. अशा बायका येऊन म्हणतात, काहीतरी करा. काहीही करता येत नाही. टोकं कापा, पाहिजे तेवढी कापा, वाढतील. मूळ गेलं की ते डोकं देवाचं.

"बघते," ती म्हणाली. आणि सुट्टीच्या दिवशी बसने कुरणावर गेली. बाप असताना ती तिथे फिरकलीही नव्हती, हे तिला फाटक ढकलताना आठवलं. फाटक कुठल्या बाजूला उघडतं तेच कळेना.

"उचलून ढकल," वरून आवाज आला. "ओढू नकोस, मोडशील."

थोरली खांबाला तार गुंडाळत होती.

"तू काय करतेस इथे? कुरण माझंय या मोसमात."

"तार सुटलीये."

"सुटू दे. तुझा काय संबंध?"

थोरलीने पक्कड खाली ठेवली. खरंच की! तिचा संबंध नव्हता. दरवर्षी या आठवड्यात ती तार बघायला येते, म्हणून पाय आले होते. तिने पक्कड बहिणीपुढे धरली.

"घे मग. वापरणारीने तार ओढायची."

धाकटीने तार ओढली. पहिल्याच ओढीत तळहात फाडून घेतला. थोरलीने आपला रुमाल बांधला, तोही असा करकचून की धाकटी ओरडली, "गाय आहे का मी?"

"गाय असतीस तर शहाणी असतीस. हलू नको."

मग दोघी उतार चढल्या. धाकटीने खिशातला कंगवा काढून गवतात खुपसला. कंगवा बुडाला. चार पावलं पुढे पुन्हा खुपसला, पुन्हा बुडाला. हौदाकडे उतरत आल्या तसा कंगवा उघडा पडायला लागला. हौदाशी तर तो नुसत्या मातीत उभा राहिला. तिथे गवत नव्हतंच. काटेरी तण होतं, शेवाळ होतं, आणि खुरांनी तुडवलेली टणक जमीन.

"हे कोणी केलं?"

थोरली हौदाच्या काठावरचं शेवाळ बोटाने खरवडायला लागली.

"ताई, हे कोणी केलं विचारतेय मी. इथे टक्कल पडलंय."

"गाईंना पाण्यापाशी उभं राहायला आवडतं."

"मला पण दुपारी झोपायला आवडतं! वर गवत न चरता सडलंय आणि खाली मुळं उपटलीत. अर्धं माझं आहे गं हे. मला वाटलं दाढीवालाच काय तो मेंढ्यांनी खरवडतो. तू पण तेच केलंस, फक्त सावकाश."

आता थोरली भडकली. "आणि दगड कोणी वेचले? हौद कोणी घासला? एवढी वर्षं तार कोणी ओढली? तू एका तारेत हात फाडून घेतलास! बाबांनी कधी एक दमडी दिली नाही त्याची. कोणी मोजलं? तू मोजलंस?"

"तू कधी सांगितलंस?"

"सांगायला काय, दिसत नाही?"

"शहरातून? मला शहरातून दगड दिसायला हवे होते?"

दोघी हौदाच्या काठावर बसल्या. खरं तर दमल्या होत्या. भांडण चढावर करायची गोष्ट नाही. जी गोष्ट बहिणी-बहिणींमध्ये कधी मोजायची नाही असं सगळे शहाणे लोक सांगतात, ती त्यांनी तिथे बसून मोजली. आणि मी सांगतो, न मोजलेल्या प्रेमापेक्षा ते मोजणं जास्त प्रेमाचं होतं. तार, हौद, दगड हे वापरणारीकडे, आणि त्यापोटी दर खाली. हौदाभोवतीचं टक्कल या मोसमात तारेने बंद, पाणी नळीने वर न्यायचं, नळी मालकिणीच्या, म्हणजे भाडं घेणारीच्या, खर्चाने. आणि कंगव्याची अट. गवत कंगव्याहून खाली गेलं की त्या भागातून गाई हलवायच्या. मालकिणीने वाटेल तेव्हा येऊन बघायचं.

"कंगवा कुठला पण?" थोरलीने विचारलं. "तुझ्याकडे शंभर आहेत. तू मोठा आणशील."

"हाच. ठेव तुझ्याकडे."

"माझ्याकडे राहिला तर मी तोडून छोटा करीन."

"मग दाजींकडे ठेव."

"त्यांच्याकडे राहिला तर हरवेल."

दोघी हसल्या. मग धाकटीने बहिणीच्या देखत दाढीवाल्याला फोन लावला आणि कंगव्याची अट सांगितली. पलीकडून तो इतका मोठ्याने हसला की थोरलीलाही ऐकू आलं. "कंगवा? मेंढ्यांना भांग पाडायचाय का? अशी अट असेल तर पंचवीस. त्यावर एक थेंब नाही."

धाकटीने फोन ठेवला. "ऐकलंस? चाळीसातले पंधरा मुळांचे होते."

"मग आता?" थोरलीने विचारलं. "आता दर काय?"

"ते तू सांगायचं. पुन्हा. बाजू मी घेणार."

"पुन्हा?"

"मागचा दर तू मला कुरण न दाखवता सांगितलास. मीही न बघताच घेतलं. तो रद्द. आता दोघींनी बघितलंय."

थोरलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आकडा तोंडाशी येई आणि परत जाई. वीस म्हणावं? वीसला ही पोरगी पुन्हा कुरण उचलेल, दाढीवाल्याला पंचवीसने देईल, आणि कंगवा घेऊन त्याच्या मेंढ्यांमागे धावेल. धावेलच, हट्टी आहे. चाळीस म्हणावं? मग गाईंच्या दुधात उरेल काय, त्यापेक्षा आपणच भाडं घ्यावं आणि गाई विकाव्यात. मास्तरीण डोळ्यांपुढे आली. तिने आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिलं. एकदा भाडं घेणारीच्या, एकदा देणारीच्या. जिथून उठून दुसरीवर बसावंसं वाटणार नाही, असा आकडा ती शोधत होती. सोपं नव्हतं. अशा जागी बसायची माणसाला सवयच नसते.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"अठ्ठावीस? पंचवीसला बाजारात जातंय ते."

"पंचवीस गवताचे. तीन माझ्या झोपेचे. कुरण दुसऱ्याच्या हातात जाणार नाही, एवढं कळलं की मला झोप लागते."

धाकटीचा चेहरा मऊ पडला. "ताई, झोपेचे पैसे घेऊ का मी तुझ्याकडून? पंचवीसच कर. आपल्या आपल्यात कसला..."

"गप्प!" थोरली ओरडली. "तोंडातून काढलंस तर बघ. दर माझा. मी सांगितला. तुझं काम बाजू घेणं. घे."

"अगं पण..."

"बाजू घे!"

धाकटी उतारावर बघत राहिली. वाऱ्याने वरचं गवत एका अंगाला वळत होतं, आणि ते आपलं आहे हे तिला आत्ता कुठे पटायला लागलं होतं. थोरली मात्र तिच्या ओठांकडे बघत होती. अठ्ठावीस योग्य होता, ते तिला माहीत होतं. पण योग्य दरालाही समोरची 'मी वापरणार' म्हणू शकते, त्यालाच तर योग्य दर म्हणतात.

"मी मालकीण," धाकटी म्हणाली. "गाई आण."

थोरलीने हौदात हात घालून तोंडावर पाणी मारलं, आणि ते बराच वेळ पुसलं नाही.

*

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गाई घेऊन आला. फाटकाशी त्याला दर कळला.

"अठ्ठावीस? तू बारा म्हणाली होतीस!"

"बाराला गवत मिळत नव्हतं. अठ्ठावीसला मिळालं. आता सांगा, स्वस्त कुठलं?"

"वा वा," दाजी म्हणाला. त्या वेळी तो गाडी चालवत नव्हता.

मास्तरीण फाटकात थांबली. तिच्यामागे सगळा गोठा थांबला. तिने नाक वर करून वास घेतला आणि मग असा काही पाय उचलला, की सांगू नये. मागच्या गाई एकमेकींना ढकलत आत घुसल्या. थोड्याच वेळात उतारावर नुसता गवत तोडल्याचा आवाज होता. दलालाने तेवढ्यात दोनदा फोन केला. थोरलीने उचलला नाही. तिसऱ्यांदा दाजीने उचलला आणि सांगितलं, वहिनी चरायला गेल्यात.

धाकटीने त्या दिवशी सलून बंद ठेवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, हात दुखतोय. तिने सँडल काढल्या, वरच्या अंगाला जिथे गवत सगळ्यात दाट होतं तिथे गेली, आणि सरळ आडवी झाली. गवताने तिला झाकून टाकलं. डोळे मिटून ती पडून राहिली. बापाच्या मरणानंतर इतकी निवांत ती कुठेच झाली नव्हती.

थोरली येऊन तिच्या डोक्याशी उभी राहिली.

"ऊठ."

"का?"

"तुडवतेयस. गाईंना खायचंय ते."

"मालकीण आहे मी," धाकटी डोळे न उघडता म्हणाली.

"असशील मालकीण. भाडं भरतेय मी त्याचं, या मोसमात गवत माझं आहे. लोळायचं असेल तर तिकडे खडकावर जाऊन लोळ."

धाकटीने एक डोळा उघडून बहिणीकडे पाहिलं. थोरली हसत नव्हती. ती पूर्ण गंभीर होती, कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिच्या मागून मास्तरीण मान खाली घालून खात खात सरळ याच दिशेने येत होती.

धाकटी उठली, सँडल उचलल्या आणि खडकावर जाऊन बसली.